ओल्या हाताने

माझी फाईल बिशप हाऊसमधून परत आली ती दोन शब्दांमुळे. चान्सलर फादरांनी त्या शब्दांखाली लाल रेघ ओढली होती आणि समासात एक मोठं प्रश्नचिन्ह काढलं होतं. मी फाईल उघडून बघतोय तेवढ्यात त्यांचा फोनच आला.

“फादर, हे ‘ओल्या हाताने’ म्हणजे काय?”

“ओल्या हाताने म्हणजे ओल्या हाताने. दुष्काळाचं वर्ष होतं.”

“ते वाचलं मी. पाणी ओतलं की नाही?”

“मी तिथे नव्हतो, फादर.”

“मग जो होता त्याला शोधा,” ते म्हणाले आणि फोन ठेवला.

चान्सलर म्हणजे बिशप हाऊसमधले कागदपत्रं सांभाळणारे फादर. माणूस वाईट नव्हता. पण त्यांच्या ऑफिसात नळाला पाणी होतं आणि माझ्या मिशन केंद्रावर आठवड्यातून दोनदा टँकर यायचा. त्यामुळे ओल्या हाताची किंमत आम्हा दोघांना सारखी कळणं अवघड होतं.

मी कॅथलिक धर्मगुरू. आमच्या कामाला नोकरी म्हटलेलं आमच्या लोकांना आवडत नाही, पण नोकरीत असतं ते सगळं इथे आहे. रजिस्टरं, फॉर्म, शिक्के, बदल्या, वरिष्ठांचे फोन. गाव माझं वसई. आमच्याकडे प्रत्येक वाडीत बावखल असतं, म्हणजे घरचं छोटं तळंच. तिथून माझी बदली बीड शहराबाहेरच्या मिशन केंद्रावर झाली. चार खोल्या, साठ माणसं मावतील एवढं चर्च, शेजारी दोन सिस्टरांचा, म्हणजे नन्सचा, दवाखाना. कागदावर एकोणीस कुटुंबं होती. त्या दुष्काळी वर्षी त्यांतली बहुतेक पुण्याच्या बाजूला बांधकामावर निघून गेली. उरले ते म्हातारेकोतारे. सिस्टर पहाटेच फिरत्या दवाखान्याची गाडी घेऊन बाहेर पडायच्या, मग रविवार सोडून इतर दिवशी मिस्सा, म्हणजे आमची उपासना, मी एकटाच करायचो. समोरच्या बाकांना “प्रभू तुमच्याबरोबर असो” म्हणायचं आणि उत्तरही आपणच द्यायचं. पहिले काही दिवस मला हसू यायचं. नंतर येईनासं झालं.

फाईल शांतवनची होती. शांतवन एका सहकारी साखर कारखान्यात काटा क्लार्क. उसाच्या गाड्या काट्यावर चढवून वजन घ्यायचं, पावती फाडायची, हे त्याचं काम. त्या हंगामात ऊसच नव्हता, बॉयलर पेटलाच नाही. कामगार आपापल्या गावी गेले. वॉचमन आणि शांतवन, एवढी दोनच माणसं अख्ख्या कॉलनीत राहिली. शांतवनचं वय चाळिशीच्या पुढे, लग्न झालेलं नाही, आईबाप वारलेले. जाणार कुठे? एकदा त्याने मला सांगितलं की संध्याकाळी तो स्वतःच काट्यावर उभा राहतो.

“कावून?” मी त्याच्याच भाषेत ‘का’ विचारलं. तोवर मला तेवढं यायला लागलं होतं.

“वजन बघतो. कधी साठ दाखवतो, कधी ऐंशी. ट्रकचा काटा हाय तो, फादर. एवढं बारीक माणूस त्याला कळत न्हाई.”

तो माझ्याकडे पहिल्यांदा आला तो एका दुपारी. बीडला काही कामाला आला होता आणि सावली बघून चर्चमध्ये शिरला. मी आत आलो तर हा लाल दिव्याकडे बघत उभा. “दिवसाढवळ्या दिवा कावून चालू हाय?” मी समजावलं. आमच्या वेदीमागे एक छोटी पेटी असते. मिस्सामध्ये अर्पण केलेली भाकर तिच्यात ठेवलेली असते, आणि त्या भाकरीत ख्रिस्त स्वतः हजर आहे अशी आमची श्रद्धा आहे. म्हणून तो दिवा विझवत नाहीत. शांतवन बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, “म्हंजी घरी कुनीतरी हाय.”

इतकी वर्षं मी धर्मशिक्षण देतोय, पण इतक्या कमी शब्दांत मला ते सांगता आलं नव्हतं.

त्यानंतर तो दर रविवारी आणि बुधवारी एसटीने यायला लागला. तो जन्माने प्रोटेस्टंट. बाप एका मिशनचा पाळक, म्हणजे त्यांच्याकडचा धर्मगुरू, गावोगाव पायी फिरणारा माणूस. शांतवनला बायबल माझ्याहून जास्त पाठ होतं. मी एखादं वचन सांगायला लागलो की तो अध्याय सांगून मोकळा व्हायचा. मी चिडायचो. नऊ महिने आम्ही दोघं चर्चच्या पायरीवर बसून वाद घातले, आणि त्या नऊ महिन्यांत मला एकदाही बदलीचा अर्ज लिहावासा वाटला नाही. शेवटी त्याने कॅथलिक व्हायचं ठरवलं. त्याच्या जुन्या मंडळीला, म्हणजे त्या चर्चच्या सभासदांना, हे कळल्यावर यादीतून त्याचं नाव कमी झालं. म्हणजे तिकडून सुटला होता आणि इकडे अजून लागला नव्हता.

आता थोडं आमच्या कामाविषयी सांगतो. प्रोटेस्टंट माणूस कॅथलिक होतो तेव्हा त्याला पुन्हा बाप्तिस्मा देत नाहीत. बाप्तिस्मा आयुष्यात एकदाच. त्याचा दाखला आणायचा, मग त्याने श्रद्धा कबूल करायची, पापनिवेदन करायचं, तेल लावून दृढीकरण घ्यायचं आणि पहिलं कम्युनियन, म्हणजे ती अर्पण केलेली भाकर, घ्यायचं. सरळ काम आहे. मात्र जुना बाप्तिस्मा पक्का असला पाहिजे. पक्का म्हणजे काय? डोक्यावरून पाणी वाहिलं पाहिजे आणि पाणी ओतणाऱ्याने पिता, पुत्र आणि पवित्र आत्म्याच्या नावाने शब्द उच्चारले पाहिजेत. पाणी थोडं असलं तरी चालतं, पण ते वाहिलं पाहिजे. नुसता ओला हात लावला तर आमचे कायद्याचे फादर नकारार्थी मान हलवतात.

दाखल्याची झेरॉक्स जुन्या मिशनच्या आताच्या पाळकांनी दिली. मंडळी नाराज होती, तरी त्यांनी सभ्यपणे दिली, हे नमूद करतो. रजिस्टरच्या त्या पानावर बहात्तर सालच्या दुष्काळातली नोंद होती. बाळाचं नाव शांतवन. बाप्तिस्मा देणारे पाळक, म्हणजे त्याचे वडील. अक्षर मोत्यासारखं. आणि शेवटच्या शेऱ्याच्या रकान्यात: ‘दुष्काळ. ओल्या हाताने.’

मी तो शेरा वाचला होता. वाचून फाईलमध्ये घातला आणि वर कोणी शेवटचा रकाना वाचत नाही, अशी मनाची समजूत काढून फाईल पाठवून दिली. सरकारी काय आणि चर्चचं काय, ऑफिसवर विश्वास ठेवायचा तर एवढाच. पण चान्सलर वाचणारे निघाले.

असा संशय आला तर आमच्याकडे एक वाट असते. तिला सशर्त बाप्तिस्मा म्हणतात. ‘जर तुझा बाप्तिस्मा झालेला नसेल, तर मी तुला बाप्तिस्मा देतो’ असं म्हणून पाणी ओतायचं. आधीचा झालेला असेल तर या पाण्याने काही बिघडत नाही, नसेल तर आता झाला. फार लोकांसमोर करत नाहीत. पाच मिनिटांचं काम आहे. मी शांतवनला ते सांगितलं आणि त्याचा चेहरा उतरला.

“म्हंजी माझ्या बापानं दिलेला खोटा?”

“खोटा नाही रे. ‘जर’ म्हणतोय ना आपण.”

“काट्यावर मी ‘जर’ लिहिलं तर चालंल का? जर गाडीत ऊस असंल तर बारा टन?”

“शांतवन, इथे काटा नको आणूस.”

“फादर, माझा बाप सात-सात कोस चालत जाऊन लोकान्ला बाप्तिस्मा द्यायचा. स्वतःच्या लेकराला तेवढा कच्चा देईल व्हय? तुमी माझ्यावर पुन्हा पाणी ओतलं की त्या मानसाचं समदं आयुष्य पुसलं. मला न्हाई जमायचं ते.”

“मग तुला आत घेता येणार नाही.”

“नका घेऊ.”

तो उठला आणि एसटीसाठी चालू लागला. मी त्याला हाक मारली नाही. मला राग आला होता. नऊ महिने या माणसाबरोबर बसलो, आणि एका तांब्याभर पाण्यावरून हा उठून जातो! राग ओसरल्यावर मात्र भीती वाटली. ईस्टरनंतर पन्नासाव्या दिवशी येणारा पेंटेकॉस्टचा सण तीन आठवड्यांवर होता, त्याच दिवशी शांतवनला आत घ्यायचं ठरलं होतं. जूनमध्ये माझी बदली ठरलेली. नवीन फादर आले की सगळं पहिल्यापासून. शांतवन परत येणार नाही, कुठेच जाणार नाही, त्या बंद कारखान्यात संध्याकाळी काट्यावर उभा राहील, हे मला स्पष्ट दिसत होतं. त्याच्यासाठी वाईट वाटत होतं. खोटं कशाला बोलू, स्वतःसाठीही वाटत होतं.

उरली चान्सलरांनी सांगितलेली दुसरी वाट. साक्षीदार. पाणी वाहताना स्वतः पाहिलेला एक विश्वासू माणूस भेटला आणि त्याने सही केली, तर बाप्तिस्मा पक्का धरतात. बाप गेला, आई गेली. राहिली मोठी बहीण मार्थाबाई, उमापूरला. बहात्तर साली ती नऊ वर्षांची होती, म्हणजे आठवायला पुरेशी.

“बहीण बोलत न्हाई माझ्याशी,” शांतवन फोनवर म्हणाला. “कॅथलिक व्हनार म्हनून सांगितलं तवापास्नं.”

“काय म्हणाली?”

“कायच न्हाई. इचारलं, तिथं बाप्तिस्म्याचा कागद मागतेत का? मी हो म्हनलं. फोन ठिवला. पुन्यांदा उचलला न्हाई.”

मी मार्थाबाईंना पत्र लिहिलं. उत्तर नाही. फोन केला. “फादर बोलतोय” म्हटल्याबरोबर कट. पाळकाची मुलगी, भाऊ कॅथलिक होतोय, संतापली असणार, असं मी धरून चाललो. दोन्ही चर्चेसच्या ऐक्यावर एक छोटं भाषण मनात तयार केलं. ते किती चांगलं होतं ते मला अजून आठवतं, कारण ते वापरायची वेळच आली नाही.

एका सकाळी मी मोटरसायकल काढली, कारखान्यावरून शांतवनला मागे बसवलं आणि उमापूरला गेलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कपाशीची वाळकी काटकं आणि मध्येच एखादी चाऱ्याची छावणी. त्या छावण्या सहकारी संस्थांनी चालवल्या होत्या. हजारभर जनावरं एका माळावर बांधलेली आणि त्यांच्यापाशीच माणसांनी खाटा टाकलेल्या. उमापुरात वेशीजवळच्या लिंबाखाली शांतवन उतरला.

“मी हितंच थांबतो.”

“तिने येऊ नको म्हटलंय का?”

“म्हनली न्हाई. पर मी न्हाई येत.”

मार्थाबाईंचं घर दोन खोल्यांचं. नवरा वारलेला, मुलगी सासरी, म्हैस छावणीत. बाई एकट्याच. पन्नाशी ओलांडलेली, काटक. मी नाव सांगितल्यावर त्या रागावल्या नाहीत. आत गेल्या आणि फुलपात्र काठोकाठ भरून पाणी घेऊन आल्या. त्या वर्षी त्या भागात पाहुण्याला कोणी भरून पाणी देत नव्हतं. मी अर्धं प्यायलो.

“समदं प्या,” त्या म्हणाल्या. उभ्याच राहिल्या, मी संपवेपर्यंत.

मी भाषण सुरू करणार तोच त्या म्हणाल्या, “सही पायजे ना? देते. कुठं करायची?”

मी बॅगेतून फॉर्म काढला. ‘मी स्वतः उपस्थित होतो/होते. बाळाच्या डोक्यावरून पाणी वाहिल्याचे मी स्वतः पाहिले.’ त्यांनी वाचला, पेन घेतलं. मी मनातल्या मनात चान्सलरांना फोनही लावला होता. पेन कागदावर टेकणार तेवढ्यात मी एक प्रश्न विचारला. का विचारला ते सांगता येत नाही. सवय म्हणा. लग्नाच्या साक्षीदारांना विचारतो तसा.

“पाणी कशात होतं?”

“तांब्यात.”

“किती ओतलं? थोडं, की बरंच?”

त्यांनी पेन खाली ठेवलं.

“शांत्या कुठंय?”

“वेशीजवळ.”

“त्याला सांगू नका,” त्या म्हणाल्या. आणि जमिनीवर बसून त्यांनी मला सांगितलं ते असं.

बहात्तर साली गावातली सगळी माणसं दुष्काळी कामावर होती, तलवाड्याच्या बाजूला, रस्त्याची खडी फोडायला. मंडळीची कुटुंबंही तिथेच. म्हणून रविवारची उपासना तिथेच, एका बाभळीखाली व्हायची. बाप्तिस्मा मंडळीसमोर व्हावा, असा त्यांच्याकडे नियम. आई पहाटेच पुढे कामावर गेली होती. वडील घरून तान्ह्या शांतवनला घेऊन निघाले. कामावर प्यायचं पाणी टँकरने, मापून यायचं. लोकांच्या तोंडचं पाणी बाप्तिस्म्याला मागायचं नाही, म्हणून वडिलांनी आपल्या वाटचं पाणी आदल्या दिवशी राखून ठेवलं होतं. एक तांब्या. तोंडाला फडकं बांधलेला. बाळ त्यांच्याकडे आणि तांब्या मार्थाकडे.

“चार कोस वाट, फादर. लई ऊन. तान लागलती मला. पयल्यांदा नुसतं फडकं चोखलं. मग एक घोट. मग म्हनलं, कुनाला कळतंय. बाबा म्होरं चालत हुते.”

बाभळीखाली पोहोचल्यावर वडिलांनी फडकं सोडलं. आत बघितलं. मग मुलीकडे बघितलं.

“काय म्हणाले?”

“कायच न्हाई. तांब्यात हात घातला, आतनं फिरवला. जितका वला झाला तितका. अन् बाळाच्या डोक्यावर ठिवला. शब्द बराबर म्हनले समदे. कुनालाच कळलं न्हाई.”

“टँकरचं मागायचं होतं ना थोडं. कोणी नाही म्हटलं असतं?”

“न्हाई म्हनलं नसतं कुनी. पर इचारलं असतं ना, पाळकसाहेब, तुमच्या तांब्यातलं कुठं गेलं? समद्या मंडळीसमोर माजं नाव घ्यावं लागलं असतं.”

मार्थाबाई पुढे सांगत राहिल्या.

“घरी येऊन रजिस्टर लिवलं. दुष्काळ म्हून लिवलं. मला कधी एक शब्द बोलले न्हाईत, मरूस्तोवर. नंतर पाऊस झाला तर मीच म्हनलं, बाबा, आता पुन्यांदा करा. तर म्हनले, बाप्तिस्मा एकदाच असतो, बाय. पर रजिस्टर काढून ते पान बघत बसायचे. मी पाह्यलंय.”

चाळीस वर्षांत हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. नवऱ्यालाही नाही. भाऊ कॅथलिक होतो म्हणाला तेव्हा त्यांना राग आला नव्हता, धस्स झालं होतं. आता ते रजिस्टर उघडणार, एवढंच त्यांना कळलं होतं. आणि मी इकडे ऐक्यावर भाषण पाठ करत होतो.

फॉर्म आमच्या दोघांच्या मध्ये पडला होता. सही घेतली असती तर काम झालं असतं, हे मला मान्य केलं पाहिजे. शांतवनला हवं होतं ते मिळालं असतं, चान्सलर खूश, मी मोकळा. दोन क्षण माझा जीव त्या कागदात अडकला. मग मी तो घडी करून खिशात घातला.

“बाई, मी त्याला सांगणार नाही. पण तुम्ही सांगा.”

“तो थुकंल माझ्यावर.”

“मला नाही वाटत.”

त्यांनी पदराने तोंड पुसलं. मग म्हणाल्या, “बोलवा.”

मी वेशीवर जाऊन शांतवनला पाठवलं आणि स्वतः लिंबाखाली बसलो. त्या घरात काय बोलणं झालं ते मी ऐकलं नाही. तासाभराने शांतवन एकटाच आला. डोळे लाल. मोटरसायकलजवळ येऊन सीटवर हात ठेवून उभा राहिला.

“नऊ वर्सांची हुती फादर ती. नऊ वर्सांचं लेकरू.”

“हो.”

“तुमचं ते ‘जर’वालं हाय ना. ते करू.”

“वडिलांचं काय?” मी विचारलं. मला त्याला अडवायचं नव्हतं, पण खात्री करणं भाग होतं. मन मारून घेतलेला संस्कार आम्हाला चालत नाही.

“बाबानं खरं लिवलं. निम्मं लिवलं, पर लिवलं तेवढं खरं. त्यान्लाच खात्री नव्हती म्हून तर ते पान बघायचे. मी कोन खात्री द्यायला?” मग म्हणाला, “अन् आक्का पानी प्येताना हात आखडती. मी आज पाह्यलं. माझ्या डोक्यावर पानी पडल्याशिवाय तिचं काय खरं न्हाई.”

चान्सलरांना मी फोन करून सांगितलं, साक्षीदार नाही, सशर्त बाप्तिस्मा देतो. “मला शंका होतीच,” ते म्हणाले. लेखी परवानगी चार दिवसांत आली. अर्जात ‘कारण’ असा एक रकाना होता. मी तिथे ‘पूर्वीच्या बाप्तिस्म्याविषयी वाजवी शंका’ असं लिहिलं. खोटं नव्हतं.

पेंटेकॉस्टच्या रविवारी सकाळी चर्चमध्ये नऊ माणसं होती. दोन सिस्टर, त्यांतली एक शांतवनची धर्ममाता, आणि सात म्हातारी. मिस्साच्या आधी बाप्तिस्मा उरकायचा म्हणून मी बाप्तिस्मा कुंडात आदल्या टँकरचं अर्धी बादली पाणी काढून ठेवलं होतं. शांतवन पांढरा शर्ट घालून आला होता. त्याच्याकडून कोणीच नव्हतं. मी पुस्तक उघडलं.

तेवढ्यात दारात मार्थाबाई दिसल्या. पहाटेच्या एसटीने निघाल्या होत्या, गेवराईला गाडी बदलून आल्या होत्या. उन्हाने चेहरा काळवंडलेला, ओठ फुटलेले. आत यायला त्या कचरत होत्या. आमचं चर्च त्यांचं नव्हतं. मी पुढे गेलो तशी त्यांनी पिशवीतून कोल्ड्रिंकची एक लिटरची बाटली काढली, झाकणापर्यंत पाण्याने भरलेली, आणि माझ्या हातात दिली.

“घरचं हाय,” त्या म्हणाल्या. “वाटंत पेले न्हाई.”

मी सिस्टरांना खूण केली, त्यांनी बाईंना बाकावर बसवून प्यायला पाणी दिलं. मी कुंडाजवळ गेलो, बाटलीवर प्रार्थना म्हटली आणि शांतवनला मान वाकवायला सांगितली. नियमाप्रमाणे तीन वेळा थोडंथोडं ओतलं तरी पुरतं. मी बाटली संपेपर्यंत ओतलं. पाणी त्याच्या मानेवरून शर्टात गेलं, फरशीवर गेलं, दाराच्या दिशेने वाहत गेलं. दुष्काळात एवढं पाणी सांडलं म्हणून सात म्हातारी माझ्याकडे डोळे वटारून बघत होती. मार्थाबाई ते पाणी कुठवर जातंय ते बघत होत्या.

मग पापनिवेदन. त्यात काय झालं ते सांगायचं नसतं. मग मिस्सा, दृढीकरण, कम्युनियन. मार्थाबाई कम्युनियनला आल्या नाहीत, येणारही नव्हत्या. त्या बाकावर बसून राहिल्या आणि गाण्याच्या वेळी त्यांच्या चालीत गायल्या. ती चाल आमच्या चालीला जुळत नव्हती. दुपारच्या गाडीने त्या उमापूरला परत गेल्या, शांतवन त्याच्या कॉलनीत. मला बदलीची ऑर्डर त्याच आठवड्यात मिळाली. पुढे कारखाना सुरू झाला की नाही, ते मला कळलं नाही.

रजिस्टरमध्ये मी नोंद केली. शेऱ्याच्या रकान्यात ‘सशर्त’ एवढंच लिहिलं. आमच्या पद्धतीप्रमाणे तेवढंच लिहायचं असतं. पुढच्या फादरांना त्यावरून काहीही कळणार नाही.

या कामात आता तीस वर्षं होत आली. हल्ली जुन्या रजिस्टरात विचित्र शेरा दिसला की मी कायद्याचं पुस्तक काढत नाही. आधी एवढंच विचारतो, की त्या दिवशी घरात लहान मूल कोण होतं.